सभासद नाहीस, तर ऊस कशाला घातलास?

गौरी-गणपतीला गावी गेलो होतो. पडवीत लॅपटॉप उघडून बसलो होतो आणि तोंड उतरलेलं होतं, म्हणून आप्पांनी विचारलं, "नोकरी गेली का काय?"

नोकरी गेली नव्हती. आमच्या कंपनीत ठरलेल्या वेळी ठरलेली कामं आपोआप सुरू करणारं एक ओपन सोर्स साधन वापरात होतं. तीन वर्षांपूर्वी त्यात मला एक बग सापडला. लिहिणाऱ्यांनी देशादेशांतला वेळेचा फरक पूर्ण तासांत धरला होता. आपली वेळ मात्र जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. त्या अर्ध्या तासाचा घोळ व्हायचा आणि रात्री साडेबाराचं काम बारालाच सुटायचं. मी चार रात्री बसून ते दुरुस्त केलं, चाचण्या लिहिल्या, कोड पाठवला. तिकडून आभाराचा मेसेज आला, योगदानकर्त्यांच्या यादीत माझं नाव लागलं. त्याचा स्क्रीनशॉट मी आईलाही पाठवला होता. आता त्या साधनामागची कंपनी म्हणत होती की पुढच्या आवृत्तीपासून परवाना बदलला आहे, आणि आम्ही ज्या तऱ्हेने ते वापरतो त्यासाठी पैसे पडतील. माझा अर्धा तास त्या आवृत्तीतही होताच.

आप्पांना हे सगळं सांगायला वेळ लागला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तू सभासद आहेस का त्यांचा?"

"नाही."

"मग ऊस कशाला घातलास?"

आप्पा सहकारी साखर कारखान्याचे सभासद आहेत. शेअरचा दाखला लोखंडी कपाटात, जमिनीच्या कागदांसोबत ठेवलेला आहे. सहकाराबद्दल त्यांच्या मनात काही भाबडेपणा नाही. वार्षिक सभेत विषय वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' कसं होतं, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. पण ते म्हणाले, "आम्हाला निदान सभेत उठून बोंबलता तरी येतं. बिगरसभासदाला बोंबलता येत नाही, पण त्याला उसाचे पैसे मिळतात. तुला बोंबलताही येत नाही, आणि पैसेही नाहीत. हा कुठला धंदा?"

मी तेव्हा चिडून काहीतरी उत्तर दिलं. ज्ञान सगळ्यांचं असतं वगैरे. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि आज मी तोच प्रश्न माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान प्रोग्रॅमरना विचारतो आहे. ओपन सोर्सला हात लावण्याआधी आपण परवान्याचं नाव वाचतो आणि निर्धास्त होतो. चुकीची गोष्ट वाचतो आपण. आज परवाना कोणता आहे याला फारसं महत्त्व नाही. उद्या तो एकट्याने बदलायची ताकद कोणाच्या हातात आहे, हे महत्त्वाचं आहे.

आधी थोडं तांत्रिक, कारण त्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही.

तुम्ही कोड लिहिला की त्याचा कॉपीराइट तुमचा. परवाना म्हणजे इतरांना दिलेली परवानगी, अटींसह. या परवान्यांची ढोबळमानाने दोन घराणी आहेत. पहिलं सैल घराणं: एमआयटी, बीएसडी, अपाची. आमचं नाव ठेवा, बाकी हवं ते करा, तुमच्या बंद उत्पादनात घाला, विका. दुसरं घट्ट घराणं: जीपीएल, एजीपीएल. घ्या, बदला, विका, पण बदललेलं पुढे द्याल तेव्हा त्याचा कोडही याच अटींवर द्या. एजीपीएलमध्ये आणखी एक गोष्ट येते: बदललेलं सॉफ्टवेअर नुसतं इंटरनेटवरून सेवा म्हणून चालवलंत, तरी ते वापरणाऱ्यांना कोड द्यावा लागतो.

आणि तिसरा एक कागद असतो, जो कोणी वाचत नाही. योगदानकर्त्याचा परवाना करार, म्हणजे सीएलए. मोठ्या कंपनीच्या प्रकल्पात पहिला कोड पाठवलात की एक बॉट येऊन म्हणतो, इथे सही करा. सही म्हणजे एक क्लिक. अशा बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं की माझा कोड कंपनी हव्या त्या परवान्याखाली देऊ शकते. मी ते क्लिक रात्री दोन वाजता केलं. बग दुरुस्त झाल्याच्या आनंदात माणूस काहीही सही करतो.

म्हणजे खुलेपणातून बाहेर पडायच्या वाटा दोन. परवाना सैल असेल तर कंपनीला कोणालाच विचारावं लागत नाही. जुना कोड आत घेऊन पुढच्या आवृत्तीवर नवी पाटी लावता येते. परवाना जरा घट्ट असेल तर सीएलए कामाला येतो. दोन्ही वाटांनी गेलेली मोठी नावं आपल्यासमोर आहेत.

पहिली वाट रेडिसची. साल्वातोरे सान्फिलिप्पो या इटालियन प्रोग्रॅमरने २००९ मध्ये हे सॉफ्टवेअर बीएसडी परवान्याखाली लोकांना दिलं. माहिती डिस्कऐवजी मेमरीत ठेवायची, म्हणजे ती झटकन मिळते. लॉगिन, खरेदीची टोपली, खेळातले गुण, अशा हजार कामांना ते वापरलं जातं. पुढे त्याभोवती एक कंपनी उभी राहिली आणि नाव, व्यापारचिन्ह सगळं तिच्याकडे गेलं. २०१८ मध्ये कंपनीने काही जोडभागांचे परवाने बदलले, तेव्हा ओरड झाली. त्यावर कंपनीने जाहीर सांगितलं की मूळ रेडिस बीएसडीच आहे आणि बीएसडीच राहील. २० मार्च २०२४ रोजी त्याच कंपनीने जाहीर केलं की ७.४ आवृत्तीपासून रेडिस बीएसडी नाही. नवे दोन परवाने आले, आणि ओपन सोर्सच्या प्रचलित व्याख्येत दोन्ही बसत नव्हते.

इलॅस्टिकसर्चचंही तसंच. अपाची परवान्यातला कोड कधी दुसरीकडे नेणार नाही, असं २०१८ मध्ये सांगितलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये नेला.

दुसरी वाट टेराफॉर्मची. क्लाउडवरची यंत्रणा मजकुरात लिहून उभी करायचं हे साधन. मागची कंपनी हॅशिकॉर्प. परवाना मोझिलाचा, म्हणजे दोन घराण्यांच्या मधला, आणि सोबत सीएलए. १० ऑगस्ट २०२३ रोजी कंपनीने परवाना बदलला. नव्या परवान्यात कंपनीशी स्पर्धा करणाऱ्या सेवांना मज्जाव आहे. प्रत्येक आवृत्ती चार वर्षांनी पुन्हा जुन्या खुल्या परवान्यात येते. स्पर्धा म्हणजे नेमकं काय, हे ठरवताना जगभरच्या वकिलांना काम मिळालं. २४ एप्रिल २०२४ रोजी आयबीएमने ६.४ अब्ज डॉलरना हॅशिकॉर्प घेत असल्याचं जाहीर केलं. परवाना बदलला तो विक्रीसाठीच, असं मी म्हणत नाही. इतकंच म्हणतो, की त्या आकड्यात ज्यांनी नुसते बग दुरुस्त केले त्यांचा हिस्सा काढायचा प्रश्नच कुठे लिहिलेला नव्हता.

आता कंपन्यांची बाजू. ती पोकळ नाही, आणि मी ती टाळणार नाही.

त्या म्हणतात, आम्ही पगार देऊन माणसं ठेवली, वर्षानुवर्षं कोड लिहिला. आणि ॲमेझॉनसारख्या क्लाउड कंपन्यांनी तोच कोड उचलून सेवा म्हणून विकला, आमच्यापेक्षा जास्त कमावलं. आम्ही कसं जगायचं?

जगायलाच हवं. प्रोग्रॅमरला भाडं भरावं लागतं हे पुण्यात राहणाऱ्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको. पण सैल परवाना तुम्हीच निवडला होता. का निवडला? कारण सैल परवान्याचं सॉफ्टवेअर वेगाने पसरतं. कंपन्यांचे कायदा विभाग हरकत घेत नाहीत, कॉलेजची पोरं शिकतात, लेख लिहितात, नोकरीच्या जाहिरातीत त्याचं नाव येतं. त्या पसरण्यावर तुमची कंपनी उभी राहिली, गुंतवणूक आली. ज्या अटीमुळे मी तुमचा कोड वापरला, त्याच अटीमुळे ॲमेझॉननेही वापरला. अट एकच होती. फायदा झाला तोवर ती उदारता, आणि दुसऱ्याला फायदा झाला की चोरी, असं म्हणता येणार नाही.

शिवाय 'फुकटे' हा शब्दही पूर्ण खरा नाही. सान्फिलिप्पो २०२० मध्ये बाजूला झाल्यावर रेडिसचा कारभार पाहणाऱ्या गाभा-गटात ॲमेझॉनचे आणि अलिबाबाचे इंजिनीयरही होते. तेही ऊस घालत होते.

आणि मार कोणाला बसला ते बघा. निशाणा म्हणे क्लाउडच्या हत्तींवर होता. परवाना बदलल्यानंतर आठ दिवसांत, २८ मार्चला, लिनक्स फाउंडेशनने व्हॅल्की जाहीर केलं. जुन्या बीएसडी कोडचा फोर्क, म्हणजे तिथून फुटलेली वेगळी शाखा. पाठीशी ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल. टेराफॉर्ममधून ओपनटोफू निघालं, तेही महिन्या-दीड महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली गेलं. हत्ती आठ दिवसांत दुसऱ्या पाणवठ्यावर पोचले. आमच्यासारख्या छोट्या टीमला तेवढ्यासाठी दोन माणसं अडीच महिने अडकवावी लागली. माझ्या अर्ध्या तासाच्या साधनाबद्दल बोलतोय मी. कायदा विभागाचा मेल आला: अमुक आवृत्तीच्या पुढे जाऊ नका. म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबल्या. मग दुसरं साधन शोधा, सगळी कामं तिकडे हलवा, रात्री जागून पाहा की साडेबाराचं काम साडेबारालाच सुटतंय का. नव्या साधनात तोच बग निघाला. खोटं वाटेल, पण निघाला. मी तो पुन्हा दुरुस्त केला. या वेळी सही करण्याआधी कागद वाचला.

बरं, कंपन्यांकडे दुसरा उपाय नव्हता का? मे २०२५ मध्ये रेडिसची आठवी आवृत्ती आली, तेव्हा कंपनीने एजीपीएलचा पर्याय दिला. रेडिस पुन्हा ओपन सोर्स झालं. इलॅस्टिकने तेच ऑगस्ट २०२४ मध्ये केलं होतं. चांगलं झालं, मी कौतुकही करतो. पण एजीपीएल काही २०२५ मध्ये जन्माला आला नाही. त्याची आजची आवृत्ती २००७ ची आहे, रेडिसच्याही आधीची. सेवा विकणाऱ्यांकडून कोड परत मिळवायची अट पहिल्या दिवसापासून हाताशी होती. पहिल्या दिवशी ती नको होती, कारण तिने पसरण्याचा वेग कमी झाला असता.

एजीपीएल पुरत नाही, असंही कोणी म्हणेल. मोंगोडीबीकडे तो होताच, तरी २०१८ मध्ये त्यांनी तो सोडून स्वतःचा आणखी कडक परवाना काढला. खरं आहे. पण मग पहिल्या दिवशीच सांगा की हे उत्पादन आहे, कोड बघायला खुला आहे, विकायचा हक्क आमचा. मी नक्की वापरेन, कदाचित पैसेही देईन. चार रात्री मात्र देणार नाही. विकत घेणं आणि वर्गणी देणं यातला फरक मला आधी कळायला हवा, दहा वर्षांनी नव्हे.

परवाना कधीच बदलू नये, असंही माझं म्हणणं नाही. विचारून बदलता येतो. व्हीएलसी प्लेअर आपल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर कधी ना कधी होता. पायरेटेड सिनेमा आणि त्याची सबटायटलं जुळवण्यात आमचं हॉस्टेल गेलं. त्याच्या आतल्या इंजिनाचा परवाना २०११-१२ च्या सुमारास जीपीएलवरून जरा सैल अशा एलजीपीएलवर नेला गेला. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या योगदानकर्त्यांना एकेक करून शोधलं आणि त्यांची संमती घेतली. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा. त्याचा परवाना २०१२ मध्ये बदलला, तेव्हा ज्यांनी नकार दिला त्यांनी काढलेले रस्ते नकाशातून पुसले गेले. पुसले! कोणाची तरी मेहनत जाते हे वाईटच, पण त्या माणसाचं 'नाही' हे 'नाही' म्हणून ऐकलं गेलं.

आणि लिनक्स. १९९२ पासून जीपीएलची दुसरी आवृत्ती. तिसरी आली तेव्हा लायनस टोरवाल्ड्सला ती पटली नाही, पण पटली असती तरी त्याला एकट्याला बदल करता आला नसता. तिथे सीएलए नाही. २००४ पासून प्रत्येक जण कोडसोबत फक्त एवढं लिहून देतो, की हा कोड द्यायचा मला हक्क आहे आणि तो याच परवान्याखाली देतोय. कॉपीराइट हजारो लोकांमध्ये विखुरलेला. त्यात मोठमोठ्या कंपन्या आहेत, एकटेदुकटे आहेत, वारलेले लोकही आहेत. आयबीएम असो की आणखी कोणी, सगळ्यांना एकाच वेळी विकत घेता येत नाही. लिनक्सची सुरक्षा कोणाच्या चांगुलपणावर टिकलेली नाही. घट्ट परवाना आणि विखुरलेली मालकी, ही दोन कुलुपं आहेत, आणि दोन्ही किल्ल्या एका खिशात नाहीत.

हे सगळं दुसऱ्यांना सुनावणं सोपं आहे, म्हणून आता माझं सांगतो.

माझी एक छोटी लायब्ररी आहे. आकड्यात लिहिलेली रक्कम मराठीत अक्षरी करून देते. पावतीवर 'अक्षरी रुपये' लिहितो ना, ते. इंग्रजीत तीसेक शब्दांत काम भागतं. मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येकाला स्वतंत्र नाव, शिवाय पंच्याहत्तर की पंचाहत्तर, अडुसष्ट की अडसष्ट यावर मारामाऱ्या. कॉलेजात असताना एमआयटी परवाना लावून टाकली होती. का लावला, तर सगळे लावतात म्हणून. हळूहळू सहा जणांनी कोड पाठवला. त्यातले एक निवृत्त शिक्षक. त्यांनी पतसंस्थेच्या पावत्यांसाठी स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता, आणि माझ्या तक्त्यातल्या अकरा चुका काढल्या.

गेल्या वर्षी बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीचा मेल आला. पुढची आवृत्ती बंद करा, फक्त आम्हाला द्या, एवढे पैसे देतो. रक्कम माझ्या चार महिन्यांच्या भाड्याइतकी होती. एमआयटी असल्यामुळे मला कोणाला विचारायची कायद्याने गरज नव्हती. मला ते पक्कं माहीत होतं. दोन दिवस मी तेच स्वतःला सांगत होतो, आणि त्या दोन दिवसांत मला परवाने बदलणाऱ्या कंपन्यांचा राग जरा कमी आला, हेही कबूल करतो.

मग सहाही जणांना मेल केला. चौघे म्हणाले, तुझं तू बघ. एकाचा पत्ता बंद झाला होता. शिक्षकांनी एका ओळीत विचारलं, "म्हणजे आमच्या पतसंस्थेला पुढच्या दुरुस्त्यांचे पैसे पडणार का?"

पडणार होते. मी कंपनीला नाही कळवलं.

यात मी थोर काही केलं नाही, कारण पुढे काय झालं ते ऐका. त्या कंपनीने जुनी आवृत्तीच उचलली आणि आपल्या उत्पादनात घातली. एक पैसाही न देता, पूर्ण कायदेशीर. मला राग आला का? आला. पण अट मीच घातली होती, हवं ते करा. त्यांनी ते केलं. आता मी अट बदलणार असेन तर ज्यांनी त्या अटीवर विश्वासून अकरा चुका काढल्या, त्यांना विचारूनच. लायब्ररीच्या पहिल्या पानावर मी तसं लिहिलं आहे: इथे सीएलए नाही, आणि परवाना बदलायचा झाला तर सगळ्यांना विचारलं जाईल. हे वाक्यही शेवटी माझा शब्दच आहे, हे मला कळतं. म्हणून पुढचा प्रकल्प सुरू केला तो जीपीएलखाली, सीएलएशिवाय. माझाच मोह मला उद्या जड जाऊ नये म्हणून.

तर मित्रांनो, कोड द्या. मी अजूनही देतो. पण देण्याआधी पाच मिनिटं तीन गोष्टी बघा. सीएलए आहे का, आणि त्यात परवाना बदलायचा हक्क कोणाला दिला आहे? प्रकल्पाचं नाव आणि व्यापारचिन्ह एका कंपनीचं आहे की एखाद्या फाउंडेशनचं? आणि परवाना सैल असेल, तर बहुतेक कोड एकाच कंपनीचे पगारी लोक लिहितात का? उत्तरं वाईट आली तरी हवं तर द्या, पण ग्राहक म्हणून द्या. स्वतःच्या कामाला नडणारा बग काढा, तेवढंच. सणासुदीच्या रात्री जागवू नका. त्या रात्री जिथे सहा जणांना विचारायची पद्धत आहे तिथे न्या.

या दिवाळीत आप्पांना ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी भाड्याचा आकडा विचारला, मनातल्या मनात चारने गुणला, आणि म्हणाले, "मास्तरांना कळवलंस का, नाही म्हणालास म्हणून?"

नव्हतं कळवलं. त्याच रात्री कळवलं. दोन दिवसांनी मास्तरांचा मेल आला. एकोणसाठच्या ओळीत अनुस्वार उगाच पडलाय, तेवढा काढ.